यंत्राला पस्तीस लाख, कोयत्याला दीड मिनिटाचा फोन : सहकार मंत्री आणि साखर आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. साखर आयुक्त, साखर संकुल, पुणे,
आणि राज्यातील सहकारी व खासगी साखर कारखान्यांची सर्व संचालक मंडळे यांस,

स.न.वि.वि.

आषाढी एकादशीच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला त्याच्या मुकादमाचा निरोप आला. यंदा टोळीत बारा कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या बारा जोड्या, घ्यायच्या नाहीत, सातच घ्यायच्या आहेत, कारण कारखान्याच्या त्या गटात, म्हणजे ऊस पुरवणाऱ्या त्या भागात, ऊस तोडणीची आणखी दोन यंत्रे उतरणार आहेत. वगळलेल्या पाच कोयत्यांमध्ये पन्नाशी ओलांडलेली दोन जोडपी आहेत, तान्हे मूल असलेले एक जोडपे आहे, गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर पूर्वीसारखी मोळी डोक्यावर घेऊ न शकणारी एक बाई आणि तिचा नवरा आहे, आणि नवरे वारल्यावर अर्धा-अर्धा मिळून एक कोयता करणाऱ्या दोघी जावा आहेत. फोन दीड मिनिटात संपला. माझा भाऊ उरलेल्या सातांत आहे. तो का आहे, हे पुढे सांगते.

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात एका खासगी अनुदानित शाळेत शिकवते. माझ्या आईवडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला. माझा जन्म सांगलीकडच्या एका फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत झाला आणि दाखल्यावर मात्र आमच्या गावाचे नाव लागले, कारण पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, सगळे गावी परतेपर्यंत नोंद करायला कोणाला सवडच नव्हती. भाऊ आणि भावजय आजही दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरमध्ये बसून जातात. नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात आणि एकट्या बाईला अर्धा कोयता. माणसे हत्याराच्या नावाने मोजायची ही रीत मला लहानपणी विचित्र वाटत नसे, आता वाटते.

यंत्र येऊ नये असे माझे म्हणणे असेल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. पहाटे चारला दवाने भिजलेल्या उसात शिरणे, पाल्याने हातपाय कापून घेणे, रात्री खेप भरायला गाडी आली की झोपेतून उठून चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढणे, हे काम माझ्या विद्यार्थिनींनी करावे असे मला कधीही वाटणार नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, आणि ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या आकड्यात माझ्या दोन मावश्या आहेत. जे काम बाईच्या शरीराकडून एवढी किंमत घेते, ते लोखंडाने करावे, यात मला दुःख नाही.

शेतकऱ्यांची बाजूही मला ठाऊक आहे. मजूर वेळेवर मिळत नाहीत, ऊस अठरा महिने रानात उभा राहतो, त्याला तुरे येतात, वजन घटते. मुकादमांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन टोळ्या न आणल्यामुळे कर्जबाजारी झालेले वाहतूकदार खरे आहेत. आमच्याही काही टोळ्यांनी शेतकऱ्याची निकड पाहून खुशालीच्या नावाखाली एकरामागे पैसे उकळले, हे मी ऊसतोड मजुराची मुलगी असूनही नाकारणार नाही. नवी पिढी फडात यायला तयार नाही, ही तक्रार मात्र मला तक्रार वाटत नाही.

यंत्रे आणण्याचा निर्णय शासनाने घेतला, त्यावर पैसा लावला, आणि त्या निर्णयात ज्यांचे काम जाणार आहे त्यांच्याशी बोलणे कोणाला आवश्यक वाटले नाही, एवढ्यावर माझा आक्षेप आहे. २०२३ साली राज्याने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० ऊस तोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजना जाहीर केली. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती अनुदान म्हणून मिळणार होती, आणि एकूण तरतूद ३२१ कोटी ३० लाखांची होती. अर्जदार शेतकरी असावा, उद्योजक असावा, कारखाना असावा, शेतकरी उत्पादक संस्था असावी; किमान २० टक्के रक्कम त्याने स्वतःची घालावी, बाकी कर्ज घ्यावे. यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते, म्हणजे स्वतःचे म्हणून निदान वीस लाख रुपये हाताशी हवेत. ज्याच्या हातात कोयता आहे, तो या रांगेत उभा राहू शकत नाही, हे योजना लिहिणाऱ्यांना कळले नसेल असे मी मानत नाही.

आता साधा गुणाकार करू. सपाट आणि रुंद सरीच्या रानात एक यंत्र दिवसाला शंभर टनांच्या आसपास ऊस सहज तोडते. एक कोयता, म्हणजे दोन माणसे, रान बरे असेल तर दिवसाला दोन टन तोडतात. म्हणजे एका यंत्राच्या पोटात पन्नास कोयते, चार-पाच टोळ्या बसतात. नऊशे यंत्रे पूर्ण ताकदीने चालली, तर पंचेचाळीस हजार कोयत्यांचे, नव्वद हजार माणसांचे काम त्यांत सामावते. हा माझा शाळेच्या फळ्यावरचा हिशेब आहे. यंत्रे बंद पडतात, ओल्या रानात रुततात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी भरेल. तरी तो निम्मा धरला तरी तेवढ्या माणसांसाठी एखादे परिशिष्ट, एखादा परिच्छेद लिहिला गेला असेल म्हणून मी शोधला, आणि मला तो कुठे सापडला नाही.

माझी पहिली तक्रार अशी की, काम एका दिवसात जात नाही, ते आधी वाईट होते, आणि हे वाईट होणे तुमच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. यंत्राला चार-पाच फुटांची सरी लागते, सपाट रान लागते, उभा ऊस लागतो आणि वळायला जागा लागते. असे रान त्याला मिळते. कोयत्याच्या वाट्याला उरतो तो वाऱ्याने लोळलेला ऊस, ओढ्याकाठचे ओले रान, बांधाबांधाचे दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे, आणि रस्त्यापासून लांब असल्यामुळे मोळी दोनशे पावले जास्त वाहून न्यावी लागते ती शेते. टनाचा दर मात्र सगळीकडे एकच असतो. लोळलेला ऊस तोडणाऱ्याला उभ्या उसापेक्षा दीडपट वेळ लागतो, हे कारखान्याच्या चिटबॉयपासून, म्हणजे फडावर चिठ्ठी देणाऱ्या कारकुनापासून, शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना माहीत आहे, परंतु दराच्या करारात त्याला जागा नाही.

भावजय रोज रात्री किती खेपा झाल्या ते मला फोनवर सांगते आणि मी ते वहीत लिहून ठेवते; शिक्षिकेची ही सवय आहे म्हणा. गेल्याच्या आधीच्या हंगामात दोघांनी मिळून २६० टन ऊस तोडला होता. जानेवारी २०२४ मधल्या वाटाघाटींत ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, त्या दराने त्यांचे ९५ हजार १६० रुपये झाले. उचल ९० हजारांची होती. ती फिटून पाच हजार हातात आले. गेल्या हंगामात त्याच गटात दोन यंत्रे आली. हंगाम तेवढेच दिवस चालला, परंतु दोघांचा ऊस १८५ टनांवर आला. त्याचे ६७ हजार ७१० रुपये झाले. उचल तेवढीच, ९० हजार.

वरून वाढे गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उसाचा वरचा हिरवा शेंडा म्हणजे वाढे. कोयत्याने तोडताना ते वेगळे काढून त्याच्या पेंढ्या बांधता येतात, आणि जनावरांसाठी त्या विकून आमच्या बायकांचा आठवड्याचा बाजार भागतो. हा पैसा मुकादमाच्या वहीत जात नसल्यामुळे बाईच्या हातात राहतो. आमच्या घरात आईच्या नावावर असलेली एकमेव मिळकत हीच होती. यंत्र शेंडा उडवून त्याचा भुगा रानात फेकते. चांगली राने यंत्राकडे गेली आणि बांधावरच्या ओल्या रानांत पेंढ्या रस्त्यापर्यंत आणायला वेळ उरला नाही, म्हणून भावजयीला गेल्या वर्षी मुकादमाकडून १२ हजारांची खर्ची उचलावी लागली. ९० आणि १२ मिळून १ लाख २ हजार, त्यातून ६७ हजार ७१० वजा. ३४ हजार २९० रुपये अंगावर बाकी राहिले. माझा भाऊ यंदाच्या सात कोयत्यांत का आहे, याचे उत्तर या बाकीत आहे. ज्याच्याकडून येणे आहे त्याला मुकादम सोडत नाही. ज्याचे येणे नाही त्याला सोडतो. आमच्याकडे नोकरीची हमी सध्या एवढ्या एकाच गोष्टीने मिळते.

यंत्र बिघडले तर काय होते, तेही सांगून ठेवते. यंत्राने तोडलेल्या उसाचे लहान तुकडे होतात आणि ते लवकर गाळावे लागतात. गव्हाण, म्हणजे कारखान्यात गाळपासाठी ऊस टाकायची जागा, रिकामी पडली तर कारखाना ओरडतो. मग दोन दिवस काम न मिळाल्यामुळे कोपीपाशी बसून असलेल्या टोळीला रात्री नऊला निरोप येतो की यंत्र बंद पडले आहे, गाडी भरून द्या. बसलेल्या दोन दिवसांचे पैसे कोणी देत नाही. परंतु ताप आला म्हणून मजुराने स्वतः एक दिवस बुडवला, तर त्याचा खाडा धरून दंड कापला जातो. भावाच्या टोळीत तो दिवसाला पाचशे रुपये आहे.

दुसरी तक्रार कायद्याची आहे. त्याच कारखान्याच्या कुंपणाच्या आत यंत्र बदलून कामगार कमी होणार असतील, तर तसे आधी कळवावे लागते. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ मध्ये त्यासाठी एकवीस दिवसांची नोटीस सांगितली होती, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. कुंपणाच्या बाहेर, त्याच कारखान्यासाठी, त्याच उसावर राबणाऱ्याला यातले काही लागू होत नाही, कारण कागदोपत्री तो कारखान्याचा कामगारच नाही. कारखान्याचा करार तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा नवऱ्याशी, आणि बायकोचा कोणाशीच नाही. कोयत्याच्या निम्म्या श्रमाचे नाव कुठल्याही कागदावर नाही, त्यामुळे यंत्राने तिचे काम घेतले तरी तिचे काही गेले, असे सिद्ध करता येत नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता; बीडहून कर्नाटकात गेलेला मजूर त्यात बसत असे, बीडहून कोल्हापूरला गेलेला बसत नसे.

हे असे असणे अटळ नाही, हे याच राज्याने दाखवलेले आहे. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून त्याला मालकच नाही असे न म्हणता महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि मंडळामार्फत त्याची नोंद, मजुरी आणि भविष्यनिधी बांधून दिला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना याच मातीत उभी राहिली. आणि ज्या दुष्काळाने आमच्या बालाघाट डोंगररांगेतली गावेच्या गावे उसाच्या पट्ट्याकडे लोटली, तोही हाच.

बँकांचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. बँकांत संगणक आणायचे ठरले तेव्हा कर्मचारी संघटनांचा विरोध मोठा होता. १९८३ साली बँकांच्या व्यवस्थापनांनी संघटनांशी यांत्रिकीकरणाविषयी करार केला, १९८७ साली दुसरा केला, आणि कोणत्या कामासाठी किती यंत्रे येतील हे टेबलावर बसून ठरवले. संगणक आलेच. परंतु खिडकीमागच्या कारकुनाला एखाद्या आषाढात फोन करून तू उद्यापासून येऊ नकोस, असे कोणी सांगितले नाही. कारकुनाकडे संघटना होती, हजेरीपट होता, नेमणुकीचे पत्र होते. दुसरीकडे मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण आहे. तिथे आधी काम गेले, मग जमिनी गेल्या, आणि पुनर्वसनाचा विचार इतक्या उशिरा झाला की कामगारांची मुले अजून घराच्या सोडतीची वाट पाहत आहेत. ऊसतोडीच्या बाबतीत आपण या दोहोंपैकी कोणत्या वाटेने चाललो आहोत, हे सांगायला तज्ज्ञ समिती लागणार नाही.

तिसरी तक्रार मोजणीची. महाराष्ट्रात ऊसतोड मजूर किती, याला कोणी आठ लाख म्हणतो, कोणी दहा, कोणी पंधरा. ग्रामपंचायतींमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रांचा निर्णय झालेला आहे. परंतु ओळखपत्र मिळवण्याच्या दिवसांत मजूर गावात असावा लागतो आणि सहा महिने तो नसतो. किती टन ऊस गाळला, उतारा किती पडला, साखर किती पोती झाली, हे आयुक्तालय दर आठवड्याला सांगू शकते. त्यातला किती ऊस यंत्राने तोडला आणि किती हाताने, आणि हाताने तोडणारे किती होते, हेही त्याच तक्त्यात एका रकान्याने सांगता येईल.

चौथी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, मला ठरवता येत नाही. दरवर्षी दसरा झाला की माझा वर्ग रिकामा होऊ लागतो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मी बाके मोकळी राहतात. काही मुले आजीकडे राहतात, काही आईबापांबरोबर जातात आणि फडात धाकट्या भावंडांना सांभाळतात. गेल्या वर्षी प्रथमच माझ्या वर्गातल्या सहा मुलांची घरे गेली नाहीत, कारण त्यांच्या टोळीला बोलावणेच आले नाही. डिसेंबरमध्ये हजेरीपटावर सलग खुणा पाहून मला आनंद झाला होता, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या सहांपैकी चार मुले दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले की घरात धान्य संपत आल्यावर आईबाप पुण्याजवळच्या वीटभट्टीवर गेले. ऊसतोडीला निदान आमच्या शाळेला ठाऊक असलेले वेळापत्रक होते. कधी जातात, कधी येतात, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहेत, हे विचारून आम्ही तिथल्या शाळेला कळवू शकत होतो. वीटभट्टीचा पत्ता मुलांच्या आजीलाही माहीत नव्हता. यंत्राने फडातून सोडवलेली माणसे कुठे जातात, याचे मला मिळालेले उत्तर हे एवढेच आहे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे जाहीर झाली, हे मी विसरलेले नाही. चालू झालेल्या वसतिगृहांत माझ्या दोन विद्यार्थिनी शिकल्या आणि टिकल्या. स्व. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. दहा कोटी टन गाळप झाले तर कारखान्यांकडूनच शंभर कोटी होतात. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न म्हणजे बऱ्याच अंशी सुटलेला प्रश्न आहे. परंतु हे महामंडळ आजच्या मजुराच्या कल्याणाचा विचार करते. उद्या मजूर न राहणाऱ्या मजुराचा विचार त्याच्या कामात अजून मला दिसलेला नाही. राज्याने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२५ साली पाचशे कोटींचे धोरण मंजूर केले, उसाला पाणी कधी द्यावे हे आता उपग्रह आणि संगणक मिळून सांगतात, त्याचे कौतुकही मी वाचले. त्याच उसाच्या बांधावर बाईसाठी आडोशाचा संडास अजून नाही.

यावर पुष्कळदा एक उत्तर ऐकू येते की, मजूर मिळत नाहीत म्हणूनच यंत्र येत आहे, मग कोणाचे काम जाते? उत्तर वरच्या पाच कोयत्यांत आहे. ज्यांना दुसरीकडे जाता आले, ते आधीच गेले. पुण्यात रिक्षा चालवतात, चाकणला ठेकेदाराकडे लागले, गावात दुकान टाकले. मागे राहिले ते वय झालेले, कोरडवाहू दीड एकरवाले, एकट्या बाया, आणि अंगावर बाकी असलेले. मजुरांची टंचाई आणि मजुरांची बेकारी एकाच गटात, एकाच हंगामात नांदू शकतात, हे आमच्या गावात येऊन कोणीही पाहावे.

म्हणून माझ्या मागण्या मी स्पष्ट लिहिते.

साखर आयुक्त दर हंगामाला कारखान्यांना गाळप परवाना देतात. त्या परवान्याच्या अर्जातच प्रत्येक कारखान्याने पुढच्या हंगामात किती यंत्रे चालणार, कोणत्या गटात चालणार, त्यांनी किती ऊस तुटणार आणि त्यामुळे गेल्या वर्षीपेक्षा किती कोयते कमी लागणार, हे लिहून द्यावे, आणि ही माहिती जूनअखेर, म्हणजे उचल वाटायला सुरुवात होण्याच्या सुमारास, जाहीर व्हावी. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात ऊस जाळून हाताने तोडण्याची पद्धत बंद करताना २००७ साली कारखानदारांशी करार करून यंत्राला योग्य अशा रानांसाठी २०१४ ही मुदत ठरवली गेली, आणि काम गमावणाऱ्या तोडणी कामगारांना दुसऱ्या कामांचे शिक्षण देण्यात कारखान्यांनी वाटा उचलला. तिथेही सगळ्यांचे भले झाले असे मी म्हणत नाही. पण तारीख ठाऊक होती. आम्हाला सात वर्षे नकोत, एक वर्ष आधी कळले तरी माणूस काही ठरवू शकतो.

यंत्राने तोडलेल्या प्रत्येक टनावर, सध्याच्या दहा रुपयांखेरीज, वेगळा निधी कारखाना आणि यंत्रमालक यांच्याकडून घ्यावा आणि तो ज्या गावांतले कोयते कमी झाले त्याच गावांत, नावानिशी, खर्च व्हावा. रक्कम किती असावी हे त्रिपक्षीय बैठकीत ठरावे. मी वीस रुपये सुचवते, शेतकऱ्याच्या बिलातून एक रुपयाही कापला जाऊ नये, ही त्यातली माझी अट आहे.

यापुढे तोडणी यंत्रावर अनुदान द्यायचे झाल्यास त्यातला निश्चित हिस्सा ऊसतोड मजुरांच्या गटांसाठी राखून ठेवावा. दहा-पंधरा कोयत्यांनी मिळून नोंदवलेल्या संस्थेला स्वतःचे वीस टक्के घालणे शक्य नाही, म्हणून ती रक्कम महामंडळाने घालावी आणि कर्जाला हमी द्यावी. चालक, दुरुस्ती, सोबतच्या ट्रॅक्टरचे काम, हिशेब, या कामांसाठी आधी त्याच गटातल्या मुलामुलींना शिकवावे. मुलींना, हे मुद्दाम लिहिते, कारण यंत्र चालवायला डोक्यावर मोळी घ्यावी लागत नाही, आणि तरीही मी आजवर यंत्रावर एकही बाई पाहिलेली नाही.

जोवर कोयता चालतो आहे, तोवर दराच्या करारात तीन कलमे घालावीत: यंत्र चालणाऱ्या गटात लोळलेल्या, ओल्या आणि तुकड्याच्या उसाला जादा दर, यंत्रामुळे टोळीला बसून राहावे लागले तर त्या दिवसाची किमान मजुरी, आणि कारखान्याने वर्षाला ठरावीक टन काम दिले नाही, तर त्यामुळे राहिलेली बाकी पुढच्या हंगामात मजुराच्या अंगावर न ओढता कारखान्याने सोसावी. तिसरे कलम सर्वांत जड वाटेल. परंतु काम कमी करण्याचा निर्णय एकाने घ्यायचा आणि त्याचे कर्ज दुसऱ्याने पुढच्या वर्षी राबून फेडायचे, हा व्यवहार कोणत्याही धंद्यात चालणार नाही.

नोंदणीत बाईचे नाव स्वतंत्र असावे, तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यावर यावी.

बालाघाटातल्या गावांत नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत रोजगार हमीची कामे आधीच मंजूर करून ठेवावीत. टोळीला बोलावणे आले नाही हे कळल्यावर प्रस्ताव, मग मान्यता, मग हजेरीपत्रक, असे होत गेले तर काम निघेपर्यंत माणसे वीटभट्टीवर पोचलेली असतात. वसतिगृहे दसऱ्याआधी उघडावीत, आणि आईबाप ऊसतोडीला गेले नाहीत म्हणून मुलाचा प्रवेश नाकारू नये. यंत्रामुळे घरी राहिलेल्या घरातले मूलही ऊसतोड मजुराचेच मूल धरावे, निदान पाच वर्षे.

या मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, याचे उत्तर साखर आयुक्तालयाने लेखी आणि जाहीर द्यावे, अशी विनंती करते. आमच्या पाच कोयत्यांपैकी दोघी जावांनी परवा माझ्याकडे येऊन विचारले की दुसऱ्या मुकादमाकडे नाव घालावे की पुण्याला नातेवाइकांकडे धुणीभांडी शोधावीत. त्यांना मी दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितले आहे. उत्तर त्याआधी यावे.

आपली विश्वासू,
एका कोयत्याची मुलगी,
ता. शिरूर कासार, जि. बीड